हात वजा जाता

सर्वांत गडद निळा रंग दुष्काळातल्या कागदाला चढला, आणि त्याच्या खालोखाल सर्वांत जुन्या कागदांना. नांदेडच्या कॉलेजातील प्रयोगशाळेत, खिडकीलगतच्या ओट्यावर परीक्षानळ्या सालवार उभ्या होत्या; प्रत्येकीत त्या सालच्या कागदावर वाळवून ठेवलेले गोदावरीचे शेवाळ, सारख्याच वजनाचे, जाळून आम्लात विरघळवलेले. डावीकडे गुरुपादप्पांच्या नोकरीची पहिली वर्षे, उजवीकडे निवृत्तीपूर्वीची शेवटची, अगदी अलीकडची. रंग डावीकडून उजवीकडे चढत जायला हवा होता. पाण्यात मैला, साबण आणि शेतातले खत जितके अधिक, तितके शेवाळाच्या अंगात फॉस्फेट अधिक, आणि फॉस्फेट जितके अधिक तितकी ही निळाई दाट; हिशेब साधा होता. प्रत्यक्षात निळाई डावीकडेच दाटली होती, मध्ये विरली होती, उजवीकडे पुन्हा जराशी चढली होती, आणि बहात्तर सालची नळी दौतीतल्या शाईसारखी काळपट निळी होऊन सगळ्या रांगेला खोटे पाडत उभी होती. गुरुपादप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नळीत फरक पडला नाही.

"अप्पा, नाराज नका होऊ," रामकिशन म्हणाला. तो नायगावकडचा, या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा. गुरुपादप्पांच्या वयाचा आदर ठेवून बोलणारा, पण मुद्दा न सोडणारा. "मीबी तीनदा करून पायलं. आम्ल बदललं, भांडी बदलली. आकडा तोच येऊन राहिला. दुष्काळात पाणी आटलं, घाण दाटली असंल."

"दाटायला घाण पाहिजे की रे आधी," गुरुपादप्पा म्हणाले. "त्या साली वाळूत खड्डा करून पाझर धरला होता आम्ही. पाणी असं, की तळाची वाळू मोजावी."

"मग जुनी सालं? तेव्हा तर गंगा भरून वाहत व्हती."

"कागदाचा दोष असेल."

"कोरा कागद आधीच जाळून बघितला ना अप्पा, तुमच्यासमोरच. काही न्हाई निघालं त्यात." रामकिशनने आवाज खाली आणला. "समितीत हे दाखवलं तर ते म्हणतील, बघा, नदी पहिल्यापासनं अशीच हाय. आपल्याच हातानं त्यांच्या हातात देऊन राहिलो आपण."

हे खरे होते, आणि ते रामकिशनने हळू आवाजात सांगितले म्हणून अधिक लागले. नदीच्या वरच्या अंगाला नवी वस्ती झाली होती, एक कारखाना आला होता, आणि त्या दोहोंचा नाला पाणी उपसण्याच्या जागेच्या वर गोदावरीला, इथल्या लोकांच्या गंगेला, मिळत होता. तो फिरवून खाली न्यावा की आहे तसाच राहू द्यावा, हे ठरवायला एक समिती बसली होती. मागच्या बैठकीत तिच्यातल्या एका गृहस्थांनी, अगदी सभ्यपणे, विचारले होते, "पूर्वी पाणी चांगले होते हे आपण म्हणता, पण आपल्या आठवणीला आधार काय?" गुरुपादप्पांनी तितक्याच सभ्यपणे उत्तर दिले होते, "आधार आहे." तो आधार आता ओट्यावर उभा होता आणि त्यांच्याच विरुद्ध साक्ष देत होता. पुढची बैठक शेवटची होती.

निवृत्तीनंतर ते लातूरला राहायला गेले होते; परतीच्या एस.टी.त त्यांना खिडकीची जागा मिळाली. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत पुठ्ठ्याच्या दोन फळ्यांत दोरीने आवळलेले कागद. प्रत्येकाच्या कोपऱ्यातून आता नखाएवढा तुकडा कापला गेला होता, आणि ती कापलेली जागा त्यांना अंगठ्याला, पिशवीवरूनही, जाणवत असल्याचा भास होत होता. हे कागद म्हणजे त्यांचा छंद नव्हता. हैदराबादच्या टेक्निकल कॉलेजातून बाहेर पडून ते नांदेडच्या पाणीपुरवठ्यावर रुजू झाले तेव्हा गाळणीच्या वाळूत शेवाळ साचून पाणी तुंबे, आणि कुठल्या ऋतूत कुठले शेवाळ येते हे समजल्याशिवाय गाळणी केव्हा धुवायची ते ठरवता येत नसे. तेव्हा त्यांनी नमुने ठेवायला सुरुवात केली. परंतु शेवाळ हे हट्टी द्रव्य आहे. पाण्यात असते तोवर रेशमासारखे पसरते, बाहेर काढले की ओल्या चिंधीसारखा त्याचा गोळा होतो. त्यांचे पहिले कागद पाहून शिवकांता म्हणाली होती, "हे काय, मांजरानं ओकल्यासारखं?" ती तेव्हा नवी नवरी होती, उदगीरकडची; घरात तिला बोलायला दुसरे कोणी नव्हते म्हणून नवऱ्याच्या कामावर बोलायची. तिने पितळी परात काढली, तीत पाणी ओतले, गोळा त्यात सोडला, आणि तो आपोआप उलगडून तरंगू लागल्यावर खालून कागद सरकवून, पाणी कडेने निथळू देत, श्वास रोखून तो वर उचलला. कागदावर हिरवे केस विंचरून ठेवल्यासारखे बसले होते. त्यावर जुन्या धोतराचे मलमल, वर टीपकागद, वर पाटा. वाळल्यावर शेवाळ स्वतःच्याच चिकाने कागदाला धरून बसे; गोंद लागत नसे. "गंगेचे केस," ती म्हणाली होती, "महादेवानं धरले ते असे धरले असतील." तेव्हापासून त्यांचे काम वाटले गेले. ते आणत, ती उचले, ते वळणदार अक्षरात जागा, तारीख आणि लॅटिन नाव लिहीत. लॅटिन नाव लिहिताना ती मागे उभी राहून मोठ्याने वाचायला सांगे आणि प्रत्येक वेळी हसे. जणू पाण्यातल्या गवताला असे नाव देणे ही थोरामोठ्यांनी लहानांच्या खेळात केलेली गंमत होती.

लोहा गेले, अहमदपूर गेले. दोन्ही बाजूंना उन्हाने भाजलेली काळी रानं होती. पावसाने या वर्षीही ओढ धरली होती आणि लोकांच्या बोलण्यात बहात्तर सालाचे नाव पुन्हा येऊ लागले होते. गुरुपादप्पांना ते साल आठवे ते उन्हासारखे नव्हे, आवाजासारखे: पंपघरात यंत्रे बंद पडल्यानंतरची शांतता, आणि तीत पिराजीचे, त्यांच्या व्हॉल्व्हमनचे, वाळूत चाललेले खोरे. खड्डा कमरेइतका झाल्यावर तळाशी पाणी आले. दुसऱ्या आठवड्यात त्या पाण्याच्या कडेला एक हिरवा धागा दिसला. पिराजी म्हणाला होता, "साहेब, माणसाला न्हाई अन् ह्याला कुठनं फुटलं?" तो धागा गुरुपादप्पांनी औषधाच्या बाटलीत घातला आणि घरी नेला, अशा दिवसांत शेवाळ घरी नेण्याची त्यांना लाज वाटली होती हेही त्यांना आठवले. आणि आता तोच धागा म्हणत होता की मी सर्वांत घाण पाण्यात वाढलो. माणसाची आठवण चुकते हे त्यांना मान्य होते. तंत्रशिक्षणाने त्यांना तेवढी नम्रता दिली होती. पण तसे असेल तर कुठले कुठले चुकले होते? ती तळाची वाळू? ते खोरे? घरी बाटली उजेडाला धरून बघणाऱ्या शिवकांताच्या कपाळावरची विभूतीची तीन बोटे? जे एका ठिकाणी खोटे ठरले ते सर्वच ठिकाणी खोटे ठरेल, आणि मग त्या दोघांचे सगळे नांदेड, नदीकाठचे ते क्वार्टर, संध्याकाळी पायरीवर बसून तिने सांगितलेल्या उदगीरच्या गोष्टी, हे सर्व आधार नसलेल्या बोलण्यात जमा होईल, अशी एक विचित्र भीती त्यांच्या छातीत बसच्या धक्क्यांबरोबर हलत राहिली.

लातुरात उतरले तेव्हा ऊन कलले होते. जिल्हा होऊन अजून वर्ष भरले नव्हते. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचे 'जिल्हा उस्मानाबाद' पांढऱ्या रंगाने झाकून वर 'जिल्हा लातूर' लिहिले होते. रंग स्वस्तातला होता, म्हणून तिरप्या उन्हात जुनी अक्षरे नव्या अक्षरांखालून दिसत. एरवी ते ही गंमत थांबून पाहत. आज थांबले नाहीत.

"आलात का?" शिवकांता दारातच होती, बाजूला दोन रिकाम्या घागरी. "जिल्हा झाला म्हणं, जिल्हा झाला. नळाला कुणी सांगितलं न्हाई वाटतं अजून." मग त्यांचा चेहरा पाहून तिचा आवाज खाली आला. "काय झालं ओ? फुटलं का काही?"

"फुटलं नाही. उलटं निघालं."

त्यांनी तिला सांगितले, पण सगळे नाही. तिने ऐकून घेतले, पिशवीतून बहात्तर सालचा कागद काढला, खिडकीशी धरला. तिचा उजवा डोळा आता अधू होता. ती कागद डावीकडे नेऊन, मान वाकडी करून पाहत असे. "हा आपला बाटलीतला," ती म्हणाली. "किती बारीक ह्यो. आता कोपराबी गेला बिचाऱ्याचा." आणि तिने कागद अशा रीतीने फळीत परत ठेवला की गुरुपादप्पांना वाटले, समितीत हरायला हरकत नाही, पण हे कागद हिला पुन्हा दाखवताना 'हे खोटे आहेत' असे मनात ठेवून दाखवावे लागेल, आणि ते जमणार नाही.

सकाळी ते नेहमीसारखे ओसरीवर बसले होते. आत शिवकांताची पूजा चालली होती. डाव्या तळहातावर इष्टलिंग, ओठांतल्या ओठांत मंत्र, मध्येच दूधवाल्यासाठी "थांब रे जरा" अशी हाक, की जी शिवालाही सवयीची झाली असावी. पूजा आटोपली की ती तशीच उठून चहा टाकी. हात धुवायचे तर पाणी लागते. आणि शिवाय ती म्हणे, विभूतीचा हात काय विटाळाचा असतो? तिने चहाचा पेला आणून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पेला उचलला, आणि पंचाच्या टोकाने त्याचे अंग पुसले. पुसले, आणि थांबले.

पंचाच्या टोकावर पांढरट डाग होता. कालचा वाळलेला होता, त्याखाली परवाचा. ते रोज पेला पुसत. लग्नापासून पुसत होते. नांदेडला पितळी पेला होता तेव्हाही. का पुसता असे तिने कधी विचारले नव्हते आणि का पुसतो हे त्यांनी कधी ठरवले नव्हते. माणूस बसण्यापूर्वी जागा झटकतो तसे ते होते. पेल्याच्या न पुसलेल्या बाजूला तिच्या बोटांचे ठसे स्वच्छ दिसत होते, भुरे, रेषांसकट. विभूती म्हणजे गाईच्या शेणाची राख. राखेत फॉस्फेट असते, हे त्यांनी हैदराबादेत उर्दूतून पाठ केले होते, परीक्षेत लिहिले होते. आणि गंगेचे केस उचलायची वेळ नेहमी सकाळचीच असे, पूजेनंतरची, स्वयंपाकाला लागण्यापूर्वीची. कारण शेवाळ दुपारपर्यंत टिकत नसे.

चहावर साय धरली. गुरुपादप्पांच्या डोक्यात एकेक वस्तू आपापल्या जागी जाऊन बसू लागली, न ढकलता. तिच्या बोटांवरची राख दरवेळी साधारण सारखीच. पण शेवाळ सारखे नव्हते. स्वच्छ पाण्यात ते विरळ येई, घाण पाण्यात माजे. अलीकडचे कागद गादीसारखे जाड होते, जुने कोळ्याच्या जाळ्यासारखे. जाड शेवाळात चिमूटभर राख हरवून जाई. विरळ शेवाळात तीच राख शेवाळावर भारी पडे. म्हणजे जुने कागद गडद निघाले ते पाणी घाण होते म्हणून नव्हे, पाणी स्वच्छ होते म्हणूनच. आणि कोरा कागद तपासला होता तो दुकानातून आणलेला कोरा कागद. तिच्या परातीतून गेलेला नव्हे. त्यांना एकदम हसू आले, आणि त्याच क्षणी धास्तीही वाटली, कारण आता हे तिला सांगायचे होते. आपल्या पूजेच्या हाताने आपल्या नवऱ्याचे काम नासले, असे ती समजेल. जुन्या माणसाला असे काही लागले की ते बोलून दाखवत नाही. फक्त एखादी गोष्ट करायचे सोडून देते.

"चहा गार करायला दिला व्हता का?" ती आतून म्हणाली.

"इकडे ये. बस."

"अय्यो शिवा, बस म्हणतात. डॉक्टर बोलावू का?"

त्यांनी सांगितले. शक्य तितक्या आडवळणाने सांगितले, राखेवरून शेणावर आणि शेणावरून गाईवर जात. तिने मध्येच तोडले. "म्हंजे माझ्या हातानं गंगा घाण दिसली."

"घाण नव्हे. तसं नाही—"

"तसंच की." ती आपल्या बोटांकडे पाहत राहिली. अंगठ्याने तिने तर्जनी चोळली, जशी आपण दुसऱ्याची वस्तू तपासतो. गुरुपादप्पांना नांदेडच्या पंपघरातली ती शांतता पुन्हा ऐकू आली. मग ती म्हणाली, "हात धुवायला तवा सांगितलं असतं तर धुतले नसते का? गंगेकाठी राहत व्हतो, पाण्याला काय तोटा." आणि लगेच, स्वतःशीच वाद घालावा तशी, "पर तुमचं तरी ध्यान कुठं व्हतं? रोज पेला पुसताय. पेला पुसायचं कळतंय अन् परात पुसायचं न्हाई. म्हनं टेक्निकल कॉलेज."

"तेच म्हणतो मी," गुरुपादप्पा म्हणाले. त्यांना हलके वाटले. "आता ते वजा करता येईल. तुझा हात तेवढा वजा करायचा."

"अन् तो कसा करायचा? तोडून देऊ?"

"शेवाळ न घेता कागद उचलायचा. पूजेनंतर, तसाच. परातीत नुसतं पाणी. कागदावर फक्त तुझा हात येईल. तो जाळून मोजू आणि प्रत्येक सालातून काढून टाकू."

ती हसू लागली. पदर तोंडाशी धरून, खांदे हलवत, लॅटिन नावांना हसायची तशी. "ह्या वयात मला रिकामं पाणी गाळायला लावताय." पण उठली. माळ्यावरची पितळी परात तिने त्यांना काढायला लावली, चिंचेने घासली, आणि घागरीतले पाणी ओतताना मात्र क्षणभर अडखळली, कारण ते दोन गल्ल्यांपलीकडून आणलेले होते. दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर ओसरीवर परात मांडली. तिने कपाळावर विभूती ओढलेली बोटे तशीच पाण्यात घातली, जुना मापाचा कागद तळाशी सरकवला आणि थांबली.

"आता?"

"आता उचल."

"काहीच न्हाई की वर."

"आहे असं समज."

मग गुरुपादप्पांनी पाहिले की तिचा तोच हात पाण्यात हलतो आहे. नसलेल्या शेवाळाच्या जटा ती बोटांनी सोडवत होती, जिथे दाट असते तिथे हलकेच पसरवत होती, कडेला आलेला धागा आत घेत होती. त्यांनी तिला हे करायला सांगितले नव्हते आणि मोजमापाच्या दृष्टीने ते अगदी आवश्यक होते. कागद तिरपा झाला, पाणी कडेने निथळले, तिने श्वास रोखला. कागदावर काही नव्हते. तिने मलमल पसरले, टीपकागद ठेवला, आणि असे बरेच कागद केले. शेवटी तिनेच आठवण काढली. "अन् ह्यो बाटलीतला? त्या साली परात कुठं व्हती ओ? परातभर पाणी कुणी दिलं असतं? एरवी धुवत नव्हते, पर त्या साली पूजेचे हात ताटलीत धुवायचे, म्हंजे तेच पाणी झाडाला जायचं. त्याच ताटलीत उचलला व्हता मी त्याला."

गुरुपादप्पांनी हातातला कागद खाली ठेवला. "हे मला सांगितलं नाहीस कधी."

"काय सांगायचं? तुम्ही बाटली ठेवून निघून गेलतात. पानी किती लागलं, कुठलं लागलं, ह्ये बाईमाणसानं सांगायचं असतं व्हय?"

म्हणून त्या एका कागदासाठी ताटली आली, पेलाभर पाणी आले, तिने त्यातच हात धुतले आणि त्याच भुऱ्या पाण्यातून कोरे कागद उचलले. उरलेले पाणी तिने अंगणातल्या बेलाला घातले. तेव्हाही घातले असणार. कागद वाळल्यावर गुरुपादप्पा ते घेऊन नांदेडला गेले. रामकिशनने सगळे ऐकले, दोनदा "आयला" म्हणाला, मग "माफ करा अप्पा" म्हणाला, आणि भट्टी पेटवली. कोरे कागद जळले, उरले ते आम्लात विरघळले, आणि नळ्यांत, ज्यांत काहीच नव्हते त्यांत, निळाई उतरू लागली. परातीच्या कागदांना फिकी. ताटलीच्या कागदांना दाट.

वजाबाकी रामकिशनने केली, पडताळा गुरुपादप्पांनी. रांग सरळ झाली. डावीकडची वर्षे जवळजवळ बिनरंगाची, मग हळूहळू चढ, आणि नाला आल्यानंतर एकदम उभी उडी. बहात्तर साल सर्वांत खाली जाऊन बसले. "आता हलवा म्हणावं आधार," रामकिशन म्हणाला आणि समितीसाठी तक्ता आखायला बसला. मधल्या रकान्याच्या डोक्यावर त्याने 'हाताळणीतील दोष' असे लिहिले. गुरुपादप्पांनी वाचले. शास्त्राच्या दृष्टीने शब्द बरोबर होता. त्यांनी पेन मागून घेतले, तो खोडला आणि वर, कागदांच्या कोपऱ्यांत आयुष्यभर लिहिलेल्या त्याच वळणात, 'हात' एवढेच लिहिले.

"समितीत इचारतील अप्पा, कुणाचा हात?"

"विचारू दे. सांगेन."

आणि त्यांनी सांगितले. ते गृहस्थ, ज्यांनी आधार विचारला होता, तक्त्यावर बोट ठेवून एकेक साल वाचत गेले. मग त्यांनी तो पुढच्या सदस्याकडे सरकवला आणि नाला खाली नेण्याच्या बाजूने हात वर केला. हे सर्व शिवकांताला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगून झाले, कारण रात्री पोहोचेपर्यंत ती झोपली होती. तिला समितीचे फारसे कौतुक वाटले नाही. पूजा नुकतीच आटोपली होती. ती चहा घेऊन दारात उभी होती.

"ते राहू द्या. माझा हात किती भरला ते सांगा."

गुरुपादप्पा अंदाजाने काही बोलत नसत. त्यांनी आकडा आठवून पाहिला, मग आकडा सोडून दिला. "बहात्तर सालच्या त्या गंगेपेक्षा जास्त," ते म्हणाले.

"इतका?" ती म्हणाली, आणि पेला त्यांच्यापुढे ठेवून आत गेली. त्यांनी पेला उचलला. हात सवयीने पंचाच्या टोकाकडे गेला, टोक बोटांत आलेही. ठसे अजून ओलसर होते. त्यांनी टोक सोडले, आणि चहा गार होण्यापूर्वी प्यायले.